बर्फ तिकडे वितळतो, पाणी इकडे का चढतं?

दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यावर एक बातमी हमखास येते. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ यंदा अमुक लाख चौरस किलोमीटरवर आला, सरासरीपेक्षा तमुक लाखांनी कमी. त्या दिवसांत आपल्याकडे गणपती असतात, नाहीतर परतीच्या पावसाची धास्ती असते. बातमी वाचून होते आणि विसरली जाते. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. त्या आकड्याचा आपल्याशी नेमका काय संबंध, हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मुंबईपासून सात हजार किलोमीटरवरचा बर्फ कमी झाला, तर आपल्या दारात काय बिघडलं?

हे समजून घ्यायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वालबार्ड. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावरचा हा द्वीपसमूह. ओस्लो किंवा ट्रोम्सोहून विमानाने लाँगइयरब्येनला उतरायचं आणि तिथून एका छोट्या विमानाने नी-ओलेसुंडला. हे गाव जवळपास ७९ अंश उत्तर अक्षांशावर, कोंग्सफ्योर्डच्या काठी आहे. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून जमिनीत आत शिरलेला समुद्राचा लांब, खोल फाटा. हे एकेकाळी कोळसा खाणकामगारांचं गाव होतं. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि खाण कायमची बंद झाली. आज तिथे दहाएक देशांचे शास्त्रज्ञ काम करतात. १ जुलै २००८ पासून 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्रही तिथे आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या करारात ब्रिटिश हिंदुस्थान सामील होता, म्हणून तिथे आपला पाय पक्का आहे.

गावाचे नियम वेगळेच आहेत. वस्तीबाहेर जायचं तर खांद्याला रायफल हवी. घरांच्या दारांना कुलूप लावायचं नाही, कारण पांढरं अस्वल दिसलं तर जवळच्या कुठल्याही दारातून आत शिरता आलं पाहिजे. आणि मोबाइलचं वायफाय, ब्लूटूथ बंद. या शेवटच्या नियमाकडे पुढे परत यायचं आहे, कारण समुद्र आणि जमीन यांचं एक विलक्षण कोडं त्याच्याशी जोडलेलं आहे.

आधी दोन बर्फ वेगळे करू

बातम्यांमधला निम्मा गोंधळ इथेच होतो. ध्रुवीय प्रदेशात बर्फ दोन प्रकारचा असतो. एक, समुद्राचं पाणीच थंडीने गोठून तयार झालेला, पाण्यावर तरंगणारा. याची जाडी काही मीटर. हिवाळ्यात तो पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. दुसरा, जमिनीवर हजारो वर्षं हिम साचून, दाबून तयार झालेला: हिमनद्या, आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरचे दोन-तीन किलोमीटर जाडीचे थर.

सप्टेंबरची बातमी असते ती पहिल्या बर्फाची. तो वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण तरंगताना त्याने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. पातळी वाढते ती दुसऱ्या बर्फाने, कारण ते पाणी समुद्रात नव्याने येतं. 'उत्तर ध्रुव वितळला, आता मुंबई बुडणार' हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, नुसता गोठलेला समुद्र आहे.

मग तरंगता बर्फ गेला तर काय झालं?

त्याचं काम पातळीचं नाही, उन्हाचं आहे. ताज्या हिमावर पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत आकाशात जातं. उघड्या समुद्रावरून जेमतेम सहा-सात टक्के जातं, बाकीचं पाणी पिऊन टाकतं. प्रकाश परतवण्याच्या या क्षमतेला अल्बेडो म्हणतात. बर्फ थोडा हटला की काळं पाणी उघडं पडतं, ते तापतं, शेजारचा बर्फ आणखी हटतो. उन्हाळाभर साठवलेली ही उष्णता समुद्र शरद ऋतूत आणि हिवाळ्यात हवेत सोडतो. म्हणून तिथले हिवाळे उन्हाळ्यांपेक्षा जास्त वेगाने ऊबदार होत आहेत. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, आणि स्वालबार्डचा भाग त्याहूनही वेगाने.

त्याच १९७९ सालापासून उपग्रह या बर्फाची सलग मोजदाद करत आहेत. तेव्हा सप्टेंबरमध्ये सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ शिल्लक राहायचा. आता चाळीस ते पन्नास लाखांत समाधान मानावं लागतं. नीचांक २०१२ चा, ३४ लाख. तो नंतर मोडलेला नाही, म्हणून 'बर्फ सावरला' असं काहीजण म्हणतात. एखाद्या वर्षीचं वारं, ढग, वादळं यांनी आकडा वरखाली होतो, पण उतार तोच राहतो: गेल्या वीस वर्षांतला चांगल्यात चांगला सप्टेंबरही ऐंशीच्या दशकाच्या सरासरीला पोहोचलेला नाही.

कोंग्सफ्योर्डमध्ये हे आकडे डोळ्यांना दिसतात. पूर्वी हिवाळ्यात हा फ्योर्ड इतका घट्ट गोठायचा की त्यावरून स्नोस्कूटर जायच्या. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचं ऊबदार पाणी मोठ्या प्रमाणावर आत घुसलं, आणि त्यानंतर फ्योर्डचा बराच भाग बहुतेक हिवाळे उघडाच राहतो. पाण्याबरोबर पाहुणेही आले. दक्षिणेकडचा कॉड मासा आता तिथे सापडतो. स्वालबार्डच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये निळे शिंपले मिळाले. आपल्या कोकण-गोव्यातल्या शिनाण्यांचे हे भाऊबंद तिथून हजारेक वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. याच फ्योर्डमध्ये २०१४ च्या जुलैत भारताने 'इंडआर्क' ही उपकरणांची माळ पाण्याखाली सोडली, जवळपास १९० मीटर खोलीच्या जागी. वर जहाज नाही, माणूस नाही, चार महिने सूर्य नाही, अशा काळातही तिने पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवली. हिवाळ्यात फ्योर्डच्या पोटात काय चालतं हे अशा नोंदींशिवाय कळायला मार्ग नव्हता.

जमिनीवर याची किंमत रेनडिअर मोजतात. जानेवारी २०१२ च्या अखेरीला, म्हणजे ऐन ध्रुवीय रात्रीत, तिथे बर्फ पडायच्या ऐवजी धो धो पाऊस पडला. तो जमिनीवर गोठला आणि चाऱ्यावर काचेसारखा कडक थर बसला. रेनडिअर खुराने हिम उकरून खालचं शेवाळ-गवत खातात. काच त्यांना फोडता येत नाही. अशा हिवाळ्यांत काही कळप किनाऱ्यावर येऊन समुद्रशेवाळ खाताना आढळले आहेत, आणि कित्येक जनावरं उपाशी मरतात. फेब्रुवारी २०२५ मध्येही नी-ओलेसुंडला पाऊस पडून बर्फावर पाण्याची डबकी साचली होती. स्वालबार्डविषयी वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. कोसळणाऱ्या हिमकड्यांचे फोटो जगभर फिरतात, चाऱ्यावरचा तो थर कुणाच्या फोटोत येत नाही.

जमिनीवरचा बर्फ: नकाशा बदलतो तेव्हा

नी-ओलेसुंडच्या समोरच्या बाजूला ब्लूमस्ट्रांड नावाची जमीन आहे. जुन्या नकाशांत ती द्वीपकल्प म्हणून दाखवलेली आहे, कारण मुख्य भूमीशी ती हिमनदीने जोडलेली होती. हिमनदी मागे हटत गेली, आणि नव्वदच्या दशकात कळलं की खाली जमीन नव्हतीच. ते बेट आहे. आज मधल्या पाण्यातून होडी जाते.

२०२४ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या हिमनद्या मोजणी सुरू झाल्यापासून कधी नव्हत्या इतक्या झिजल्या. त्या ऑगस्टमध्ये लाँगइयरब्येनचा पारा २० अंशांवर गेला होता. तरी स्वालबार्ड हा छोटा खेळाडू. खरा साठा शेजारच्या ग्रीनलंडवर आहे. तो सगळा वितळला तर जगाचे समुद्र सात मीटरच्या वर चढतील. अंटार्क्टिकाचा हिशेब ५८ मीटरच्या आसपास जातो. हे उद्या होणार नाही, शतकानुशतकांचं काम आहे. पण झीज चालू आहे. समुद्र एक मिलिमीटर चढायला सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळावा लागतो, आणि एकट्या ग्रीनलंडने गेल्या दोन दशकांत दरवर्षी सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावला आहे.

नी-ओलेसुंडला समुद्र उतरतोय!

एवढं ऐकून नी-ओलेसुंडच्या धक्क्यावरच्या भरतीमापकाची नोंद पाहिली तर धक्का बसतो. तिथे समुद्र चढत नाही. किनाऱ्याच्या मानाने तो उतरतो आहे. 'पाहा, सगळं थोतांड आहे' असं म्हणायला यापेक्षा चांगला पुरावा कुणाला मिळणार नाही. म्हणून हे नीट पाहायला हवं.

पहिलं कारण: जमीन वर येते आहे. बर्फाचं ओझं प्रचंड असतं, त्याखाली पृथ्वीचं कवच दबतं. जाडजूड माणूस गादीवरून उठला की खळगा हळूहळू भरून येतो, तसं ओझं हटलं की कवच वर येतं. फरक इतकाच की हिमयुगाचं ओझं हटून दहा हजार वर्षं झाली तरी ही गादी अजून भरतेच आहे, आणि आताच्या झिजेने तिला नवी उभारी मिळते आहे. नी-ओलेसुंडची जमीन वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर सरकते. हे मोजतात कसं? तिथल्या अजस्र अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांकडून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांकडून, येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकतात. त्याच लहरी पृथ्वीवरच्या दुसऱ्या अँटेनांवर किती आधी वा किती नंतर पोहोचल्या, त्यावरून दोन ठिकाणांमधलं अंतर मिलिमीटरांत काढतात. वायफाय बंद ठेवायचं ते यासाठी. खिशातल्या मोबाइलचा आवाज त्या लहरींपुढे फार मोठा असतो.

दुसरं कारण तर आणखी विचार करायला लावणारं आहे. ग्रीनलंडवरच्या बर्फाचं वस्तुमान इतकं आहे की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र त्याच्याकडे ओढला जातो, किनाऱ्याशी पाणी किंचित उंच राहतं. बर्फ कमी झाला की ओढ कमी होते आणि ते पाणी लांब निघून जातं. म्हणून ग्रीनलंडचा बर्फ वितळला की ग्रीनलंडपासून साधारण दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्राची पातळी उतरते, आणि तिथून निघालेलं पाणी दूरच्या समुद्रांच्या वाट्याला येतं. विषुववृत्ताजवळच्या उष्ण समुद्रांना त्यातला हिस्सा सरासरीपेक्षा थोडा जास्तच मिळतो. अरबी समुद्र त्यांतला एक.

माझ्या मते ध्रुवावरच्या बर्फाने शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. झीज जिथे होते तिथे पाणी चढत नाही. ते चढतं अशा माणसांच्या शेतात, ज्यांनी हिमनदी कधी पाहिलेली नाही.

'हवामान पूर्वीही बदललंच होतं ना?'

हो, बदललं होतं, आणि त्याचा पुरावा स्वालबार्डमध्ये पायाखाली मिळतो. लाँगइयरब्येनच्या वरच्या हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगात एखादा चपटा दगड उचलला, तर त्यावर रुंद पानाचा ठसा सापडतो. मधली शीर, तिला फुटलेले फाटे, कडेचे दाते, सगळं स्पष्ट. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. गावाला जो कोळसा मिळाला तो त्याच जंगलांचा.

तेव्हा पृथ्वी गरम होती आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्याहून जास्त होता. म्हणजे हा पुरावा आक्षेपाच्या बाजूने नाही, उलट बाजूने जातो: हवेत हा वायू भरपूर असला की ध्रुवावर बर्फ टिकत नाही. झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन जमिनीखाली गाडला जायला लाखो वर्षं लागली. आपण तो दोनशे वर्षांत जाळून परत वर पाठवतो आहोत. वेग हाच कळीचा मुद्दा. तेव्हाच्या पाना-प्राण्यांना सरकायला वेळ होता. मुंबईला, कोलकात्याला कुठे सरकवणार?

अलीकडचा इतिहास अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून वाचता येतो. खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांमध्ये आठ लाख वर्षांची सलग नोंद मिळाली आहे. त्या सगळ्या काळात दहा लाख भाग हवेत कार्बन डायऑक्साइड १७० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. नी-ओलेसुंडच्या डोक्यावर, झेपेलिन डोंगरावर ४७० मीटर उंचीवर असलेल्या वेधशाळेत, कारखाने आणि गाड्यांपासून इतक्या दूर, हाच आकडा मिळतो.

'पण तो वायू माणसाचाच कशावरून? ज्वालामुखीचा नसेल कशावरून?' कोळसा आणि तेल यांतला कार्बन ओळखता येतो. वनस्पतींपासून बनलेला असल्याने त्यात कार्बनच्या जड अणूंचं प्रमाण कमी असतं, आणि कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिल्याने किरणोत्सारी कार्बन उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये नेमके हेच बदल दिसतात. 'मग सूर्य तापला असेल?' सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा थर थंड होतो आहे. उष्णता खाली अडकली की असंच होतं.

'आपलं दक्षिण गंगोत्री तर बर्फाखाली गाडलं गेलं!'

मग बर्फ कमी होतोय कसा म्हणायचं? हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडून मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो रास्त आहे. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. पुढे उभारलेलं दक्षिण गंगोत्री केंद्र काही वर्षांत बर्फात बुडालं आणि सोडून द्यावं लागलं. पण ते समुद्रावर तरंगणाऱ्या जाड हिमपाटावर बांधलं होतं. तिथे दरवर्षी पडणारं हिम साचतच जातं, त्यामुळे त्यावरची कुठलीही इमारत कालांतराने खाली जाणारच. मैत्री हे पुढचं केंद्र खडकावर बांधलं, ते आजही उभं आहे.

अंटार्क्टिकाभोवतीचा तरंगता बर्फ २०१४ पर्यंत थोडा वाढत होता हेही खरं. शास्त्रज्ञांना तेही कोडंच होतं. त्यानंतर मात्र तो झपाट्याने घसरला आणि २०२३ मध्ये उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींचे नीचांक नोंदले गेले.

पाहायला जावं का?

जाणाऱ्याला मी अडवणार नाही, पण 'संपायच्या आत पाहून घेऊ' एवढ्याच ओढीने जाणं मला पटत नाही. मुंबईहून तिथवरच्या विमानप्रवासाचा धूरही त्याच हवेत जातो. स्वालबार्डनेही आता हात आखडता घेतला आहे: २०२५ पासून संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव आहे. उपग्रहांचे रोजचे बर्फाचे नकाशे घरबसल्या फुकट पाहता येतात, आणि शाळेतल्या मुलांना ते दाखवण्यासारखे आहेत.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद होते आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींत तिची गणना होते. उत्तर हिंदी महासागराची पातळी विसाव्या शतकात वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटरने चढत होती. १९९३ नंतर हा वेग ३.३ मिलिमीटरच्या आसपास गेला. आपल्या समुद्रात यातला मोठा भाग पाणी तापून फुगल्याचा आहे, हे सांगायला हवं. पण जगाच्या सरासरीत २००६ नंतर वितळलेल्या बर्फाचा वाटा फुगवट्याच्या पुढे गेला आहे, आणि तो वाढतो आहे. पावसाबाबत चित्र अजून धूसर आहे. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा बर्फ आणि भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध मांडला. तो पक्का सिद्ध झालेला नाही, म्हणून त्याच्या जोरावर एखाद्या पुराचं खापर ध्रुवावर फोडू नये.

आता हवेत कार्बन सोडणं आवरून उपयोग आहे का? उत्सर्जन झपाट्याने घटवलं तर शतकाच्या अखेरीपर्यंत समुद्र २८ ते ५५ सेंटिमीटर चढेल, बेसुमार चालू ठेवलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, असा हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचा (आयपीसीसी) अंदाज आहे. या दोन आकड्यांतला फरक समजायला मुंबईचे टॉवर पाहू नयेत. पेण-अलिबागकडची खारभूमी पाहावी, नाहीतर गोव्यातली खाजनं. ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. बांध समुद्राला अडवतो, आणि बांधातली उघाडी, गोव्यात मानस, ओहोटीला आपोआप उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला पाण्याच्या दाबाने मिटते. यंत्र नाही, वीज नाही. पण बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेलं तरच ती उघडते. समुद्र तीस सेंटिमीटर चढला तर ती रोज उशिरा उघडेल आणि लवकर मिटेल. बांध उंच करून, उघाडी बदलून शेतकरी निभावून नेऊ शकतो. एक मीटर चढला तर अनेक शेतांत ओहोटीलाही बाहेरचं पाणी पुरेसं खाली जाणार नाही, आणि श्रावणातला पाऊस भातात तुंबून राहील. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर खारं पाणी आत येतं, आणि त्या जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे जावे लागतात.